थांबायला सांगणारे तुम्ही कोण?

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारा बहुधा हसत म्हणतो आणि ऐकणाराही हसतो. या हसण्याची मला चीड येते. हसणाऱ्यांपैकी जवळजवळ कुणाचीच चूल त्या सहा महिन्यांवर अवलंबून नसते. ज्याची असते तो हसत नाही. तो एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा आधार कार्डाची झेरॉक्स काढायला जातो.

बेकारी भत्ता आणि थकलेली मजुरी यांचा विषय निघाला की सुस्थितीतल्या माणसांचं एक ठरलेलं मत ऐकावं लागतं. तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशम तालुक्यात ते तमिळमध्ये ऐकू येतं, सांगली-सोलापुरात मराठीत. आशय तोच असतो. ते मत आधी पूर्ण मांडतो. पैसे काही बुडत नाहीत, थोडे उशिरा येतात एवढंच. उशीर होतो तोही अर्जदाराच्याच चुकीमुळे: नाव जुळत नाही, खातं बंद पडलेलं असतं, कागद अपुरे असतात. खोटे लाभार्थी इतके आहेत की तपासणी करावीच लागते आणि तपासणीला वेळ लागणारच. शिवाय हातात फुकट पैसा पडला की माणूस आळशी होतो आणि शेतावर मजूर मिळेनासे होतात, म्हणून ही वाट थोडी अवघड असलेलीच बरी. आणि शेवटी, हा सगळा पैसा आमच्या करातून जातो.

हे पाचही मुद्दे मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्यांतला एकही कसोटीला उतरत नाही.

आधी कायदा पाहू. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचं, म्हणजे आपल्या मनरेगाचं, सातवं कलम स्पष्ट आहे. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, त्यापुढे किमान निम्मा. तमिळनाडूत २०२५-२६ साठी मजुरीचा दर दिवसाला ३३६ रुपये ठरला, म्हणजे भत्ता आधी ८४ आणि मग १६८ रुपये. महाराष्ट्रात दर ३१२ रुपये, म्हणजे भत्ता ७८ आणि मग १५६. काम मिळालं तर मजुरी १५ दिवसांच्या आत द्यायची, आणि उशीर झाला तर सोळाव्या दिवसापासून थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के दर दिवसाला भरपाई म्हणून द्यायची. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले आणि बेकारी भत्त्याची तरतूद त्यातही राहिली. म्हणजे भत्ता हे कुणाच्या दयेचं दान नाही. काम देण्याचं वचन मोडल्याबद्दल सरकारने स्वतःवर लावून घेतलेला तो दंड आहे. दंड भरायचा सरकारने, आणि थांबायचं मात्र ज्याचं नुकसान झालं त्याने, हा कुठला न्याय?

मराठी माणसाने तरी ही गोष्ट परकी मानू नये. या हमीचा जन्म महाराष्ट्रातला आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली आणि तासगाव तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला बसली तेव्हा ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम देता आलं नाही तर भत्ता द्यायचा, हे तत्त्व त्या कायद्यातही होतं. आज पापनाशमच्या एखाद्या गावातली शेतमजूर बाई ज्या हक्काने काम मागते, त्याची मुळं कृष्णाकाठच्या मातीत आहेत. मग तिच्या हक्काची हेळसांड होताना आपण दूरचे कसे?

आता पहिला मुद्दा: थोडा उशीर झाला तर काय बिघडलं?

काय बिघडतं ते समजून घ्यायचं तर कावेरीच्या खोऱ्याचं वेळापत्रक पाहावं लागतं. पापनाशम हा तंजावर आणि कुंभकोणम यांच्या मधला, नद्या-कालव्यांनी विणलेला भाताचा मुलूख. इथल्या पालैवननाथ देवळात नायक राजांच्या काळातलं भाताचं भलंमोठं कोठार अजून उभं आहे. एवढ्या भाताच्या प्रदेशातही मजुराच्या घरात बारा महिने भात असतो असं नाही. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात. कुरुवै आणि सांबा ही पिकं त्या पाण्यावर निघतात. सांबाची कापणी एकेकाळी शेकडो हातांना काम देई, आता ती बरीचशी यंत्रं करतात. कापणीनंतर ओलीवर उडीद-मूग पेरतात, त्यात थोडं काम निघतं आणि मग जूनपर्यंत शेत शांत होतं. ‘नूरु नाळ वेलै’, म्हणजे शंभर दिवसांचं काम, याच महिन्यांसाठी असतं. तलावाचा गाळ काढायचा, कालवे साफ करायचे. तमिळनाडूत या कामावर येणाऱ्या दहांपैकी आठांहून अधिक बाया असतात.

२०२४-२५ मध्ये नेमकं काय झालं? २७ नोव्हेंबर २०२४ पासूनची मजुरी थकली. जानेवारीत, पोंगलच्या तोंडावर, मुख्यमंत्री स्टालिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून १,०५६ कोटी रुपये मागितले. मार्चमध्ये लोकसभेत खासदार कनिमोळी यांनी थकबाकीचा आकडा ४,०३४ कोटी सांगितला. केंद्राकडून उत्तर आलं की लोकसंख्येच्या मानाने तमिळनाडूला आधीच जास्त निधी मिळतो. हे उत्तर ऐकून मी थक्क झालो. निधी कुणाला जास्त आणि कुणाला कमी, हा वाद मजुरीचे दर ठरवताना आणि कामं मंजूर करताना घाला. गाळ काढून झालेला आहे. घाम गळून गेलेला आहे. केलेल्या कामाचा मोबदला थकवून दोन सरकारांनी हिशेबावरून भांडत बसायचं आणि ते भांडण सोसायचं मात्र डोक्यावर पाटी घेऊन उन्हात उभ्या राहिलेल्या बाईने?

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये स्वराज अभियानाच्या खटल्यात हे आधीच सांगून ठेवलं आहे. मजुरी पंधरवड्यात मिळालीच पाहिजे, आणि उशीर राज्याच्या टप्प्यात झाला की केंद्राच्या, या वाटणीचं ओझं मजुरावर टाकता येणार नाही. त्या खटल्यात हेही उघड झालं की केंद्राच्या टप्प्यातला उशीर भरपाईच्या हिशेबात धरलाच जात नव्हता. ज्या उशिराचा हिशेबच ठेवला नाही, तो उशीर कागदावर झालाच नाही.

आता भरपाईचं गणित करू. तमिळनाडूच्या ३३६ रुपयांच्या दराने सहा दिवसांची मजुरी २,०१६ रुपये. तिच्यावर दिवसाला ०.०५ टक्के म्हणजे एक रुपया. तीन महिने उशीर झाला तर साधारण ९० रुपये. वर्षाच्या हिशेबाने हा दर १८ टक्क्यांच्या वर जातो, म्हणून कुणी म्हणेल की बरा आहे की! पण हा दर बरा कुणाच्या तुलनेत? मजुरी आली नाही तर किराणा उधार घ्यावा लागतो, बचत गटाचा हप्ता थांबत नाही, आणि तो भरायला पैसे हवेत म्हणून कंदुवट्टीवाल्या सावकाराच्या दारात जावं लागतं. या जीवघेण्या व्याजाविरुद्ध तमिळनाडूला २००३ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्याचा पाश किती घट्ट आहे ते कळावं. सावकाराच्या व्याजापुढे सरकार देऊ करतं ते काहीच नाही. आणि तेही मिळेल याची खात्री नाही, कारण भरपाई देय नाही असं कारण नोंदवून ती नाकारण्याचा अधिकार कार्यक्रम अधिकाऱ्याकडे आहे. निधी नव्हता, हेसुद्धा कारण चालतं! ज्याने पैसे पाठवले नाहीत त्याच्याच रिकाम्या तिजोरीने त्याची सुटका व्हावी, याला मी कायदा म्हणायला तयार नाही.

याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. आयकराचा परतावा उशिरा आला तर सरकार करदात्याला महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं. त्यासाठी करदात्याला कुणाच्या मेजासमोर उभं राहावं लागत नाही. व्याजाचा हिशेब यंत्रणाच करते आणि रक्कम खात्यात जमा होते. करदात्यासाठी जे आपोआप होऊ शकतं ते मजुरासाठी का होत नाही? संगणक तोच, बँका त्याच, सरकारही तेच. फरक फक्त एवढाच की एकाच्या रागाची सरकारला धास्ती आहे आणि दुसरीच्या भुकेची नाही.

दुसरा मुद्दा: चूक अर्जदाराची.

अर्जदाराकडून चुका होतात हे खरं, पण त्या घडवतं कोण? तमिळ माणसाला सहसा आडनाव नसतं, नावाआधी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. आधार कार्डावर कुणी त्या आद्याक्षराचं पूर्ण नाव केलं, बँकेने ते नावामागे टाकलं, जॉब कार्ड लिहिणाऱ्याने गाळून टाकलं. तीन कचेऱ्यांनी एका बाईला तीन नावं दिली आणि १ जानेवारी २०२४ पासून आधार जोडणीवर आधारित भरणा सक्तीचा केला, तेव्हा संगणकाने तिलाच विचारलं की तू नक्की कोण? नाव तिने लिहिलं नव्हतं. इंग्रजीत तर नव्हतंच नव्हतं. तरी चूक तिची ठरली आणि ती दुरुस्त करण्याचा खर्चही तिचाच.

बेकारी भत्त्याचं तर याहून वाईट आहे. हा भत्ता मागायचा तर काम मागितल्याची तारखेसह पोच हवी. ती देणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रत्यक्षात तोंडी मागणी ऐकून घेतात, ‘काम निघालं की सांगू’ म्हणतात, आणि काम निघालं की त्या दिवसाची तारीख घालून मागणी संगणकात चढवतात. नोंदीत मागणी आणि काम यांत १५ दिवसांचं अंतर कधी पडतच नाही. महाराष्ट्रात असो की तमिळनाडूत, अनेक राज्यांतल्या अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी ही पद्धत वारंवार दाखवून दिली आहे. म्हणूनच देशभर दिला जाणारा बेकारी भत्ता नगण्य आहे. त्यावरून ‘भत्त्याची गरजच पडत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: पोच न देणाऱ्या खिडकीसमोर उभं राहून तुम्ही कधी काही सिद्ध करून दाखवलं आहे का? आणि पैसे बुडत नाहीत, हे कुणाच्या जोरावर म्हणता? ज्या मागणीची नोंदच झाली नाही तिचा भत्ता कधीच येत नाही. तिथे उशीर आणि नकार यांत काही फरक उरत नाही.

शहरातल्या कामगाराची वाटही अशीच आखली होती. पापनाशमची पोरं तिरुप्पूरच्या कापड कारखान्यांत जातात, आपली पोरं चाकण-भोसरीला. त्यांच्यासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाने १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आणली. नोकरी गेली तर आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळणार होते. पण दावा करायचा ९० दिवस बेकार राहिल्यावर, प्रतिज्ञापत्र जोडून, आणि तोही आधीच्या मालकामार्फत. ज्याने कामावरून काढलं त्याच्याच सहीसाठी पुन्हा त्याच्या दारात जायचं! २०२० मध्ये टाळेबंदीने लाखोंच्या नोकऱ्या खाल्ल्या तेव्हा दर ५० टक्के झाला, थांबण्याचा काळ ९० वरून ३० दिवसांवर आला, दावा थेट शाखा कार्यालयात करता येऊ लागला आणि पुढे प्रतिज्ञापत्राची अटही गेली. या अटी काढल्यावर महामंडळ कोसळलं का? नाही. मग त्या अटी मुळात कशासाठी होत्या? दोन वर्षं ज्यांनी या अटींपुढे हात टेकले, त्यांची चूक काय होती?

तिसरा मुद्दा: गैरव्यवहार.

गैरव्यवहार होतात. रोजगार हमीच्या हजेरीपटांवर मेलेल्या माणसांची नावं चढली आहेत, यंत्राने केलेलं काम माणसांच्या नावावर दाखवलं गेलं आहे. मी ते नाकारत नाही. पण हजेरीपट लिहितं कोण? मोजमाप कोण घेतं? यंत्र कुणाचं असतं? पाटी वाहणाऱ्या बाईच्या हातात यांतलं एकही नसतं. तरी २०२३ पासून दिवसातून दोनदा तिचा फोटो मोबाइलवर चढला पाहिजे अशी सक्ती झाली. रेंज नसली, फोटो चढला नाही, तर दिवसभर काम करूनही तिचा खाडा. चोरी करणाऱ्याच्या हाती फोन, आणि चोरी न करणारीवर संशय. तपासणीला माझा विरोध नाही. सामाजिक अंकेक्षण कायद्यातच आहे, ते गावासमोर जाहीर करा, खुशाल करा. पण तपासणी चालू असताना बाईचे पैसे अडवून ठेवण्याची गरज काय? आधी द्या, मग तपासा, आणि खोटेपणा सापडला तर सही करणाऱ्याकडून वसूल करा.

चौथा मुद्दा: आळस. हा सर्वांत आवडता, आणि सर्वांत क्रूर.

तमिळनाडू सरकार शिकलेल्या बेकारांना भत्ता देतं. दहावी नापासाला महिन्याला २०० रुपये, दहावी पासाला ३००, बारावीला ४००, पदवीधराला ६००. त्यासाठी रोजगार विनिमय केंद्रात नाव नोंदवून पाच वर्षं झालेली असावी लागतात आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत असावं लागतं. भत्ता मिळतो तो फक्त तीन वर्षं. पापनाशमचा एखादा पदवीधर बाविसाव्या वर्षी नाव नोंदवतो आणि सत्ताविसाव्या वर्षी दिवसाला २० रुपयांना पात्र होतो. तोवर घरात कुणी रोज अडीचशेची मजुरी वर्षभर मिळवत असेल, तर तोही अपात्र. दिवसाला २० रुपयांवर कोण आळशी होतो, हे कुणीतरी मला दाखवावं. या पैशात गावाहून तंजावरच्या कचेरीला जाण्यायेण्याचं बसभाडं तरी निघतं का?

आणि शेतावर मजूर मिळत नाहीत ही तक्रार? तिच्यासाठी तर नव्या कायद्याने पेरणी-कापणीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत सरकारी कामं बंद ठेवण्याची सोय केली. म्हणजे त्या दिवसांत काम मागता येणार नाही, आणि काम मागता आलं नाही तर भत्ताही नाही. लावणीला माणूस हवं असेल तर लावणीला चांगली मजुरी द्या. शेतमालक अडचणीत आहे, खताचे भाव चढले आहेत, भाताला दर मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण शेतीचा तोटा भरून काढायचा तो मजुराचा दुसरा पर्याय बंद करून, हे मान्य नाही. मजूर बाईला दुसरीकडे काम मिळालं नाही की ती आपल्या बांधावर येईल, ही अपेक्षा ठेवणाऱ्याने आळसाबद्दल बोलू नये. ती वेठबिगारीची अपेक्षा आहे.

पाचवा मुद्दा: आमच्या करातला पैसा.

महाराष्ट्रातल्या नोकरदाराने आपली पगाराची पावती काढून पाहावी. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठीच बसवला गेला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराचा भार थोडा उचलावा, असं त्या पिढीने ठरवलं आणि विधिमंडळात संमत केलं. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोठ्या गोष्टींपैकी ती एक होती. तेव्हा हा पैसा तुमच्या करातला आहे हे खरंच आहे. तो ज्यासाठी घेतला ते वेळेवर होत नाही, म्हणून तुम्ही कचेरीला जाब विचारायला हवा. तुम्ही मजुराला का विचारता?

काहीजण म्हणतात, उशीर सगळ्या जगात होतो. होतो. ब्रिटनमध्ये युनिव्हर्सल क्रेडिटचा पहिला हप्ता मिळायला पाच आठवडे थांबावं लागतं आणि मधल्या काळासाठी जी उचल मिळते ती पुढे हप्त्यांतून कापली जाते. श्रीमंत देशाने केलेली गोष्ट बरोबरच असते असा काही नियम नाही. आपल्याला आदर्श हवाच असेल तर तो याच तंजावरात मराठी राजाने घालून दिला आहे. १८०१ मध्ये सरफोजी राजांनी इंग्रज रेसिडेंटाला आपल्या छत्रांविषयी पत्र लिहिलं. रामेश्वरच्या वाटेवरच्या या अन्नछत्रांत ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्या माणसापर्यंत प्रत्येक वाटसरूला भात मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा केला जाई, की कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं. राहिलेल्याला शोधण्याची जबाबदारी तिथे देणाऱ्याने स्वतःकडे घेतली होती. तो तर धर्मादाय होता. त्यावर कुणाचा कायदेशीर हक्क नव्हता. आज कायद्याने दिलेला हक्क आहे, संगणक आहे, बहुतेकांच्या नावाचं बँक खातं आहे, आणि तरीही राहिलेल्यानेच आपण राहिलो हे सिद्ध करायचं आहे.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. उशिराचा खर्च ज्याने उशीर केला त्याने सोसावा. मागणी तोंडी असो की लेखी, तिची पोच त्याच दिवशी द्यावी. ती दिली नाही तर मजुराचं म्हणणं खरं धरून भत्ता सुरू व्हावा. सोळाव्या दिवशी भरपाई आपोआप खात्यात पडावी आणि ती नाकारण्याचा अधिकार कुणाकडेही नसावा. केंद्र आणि राज्य यांनी आपली भांडणं मजुराचे पैसे चुकते केल्यानंतर करावीत. नाव जुळवण्याची जबाबदारी ज्या कचेऱ्यांनी ते बिघडवलं त्यांची असावी. हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये, कारण करदात्यासाठी यातलं बरंचसं रोज होत आहे.

उशीर करणाऱ्याचं जोवर काही जात नाही तोवर उशीर होतच राहणार. आज पापनाशमच्या बाईपासून मेळघाटच्या मजुरापर्यंत देशातली सर्वांत गरीब माणसं सरकारला आपली मजुरी जवळजवळ बिनव्याजी वापरू देत आहेत. वर त्यांनाच धीर धरायला सांगितलं जातं, आळशी म्हटलं जातं, चोर समजलं जातं. त्यांनी पुरेसा धीर धरला आहे. आता कायद्याने ठरवलेल्या पंधराव्या दिवशी त्यांच्या हातात पैसे पडले पाहिजेत, आणि पडले नाहीत तर उत्तर त्यांनी द्यायचं नाही, सरकारने द्यायचं आहे.